तुम्ही विचारलंत म्हणून: बंदुकीने धनुष्य संपवलं का?

शनिवार-रविवारी मी उपनगरातल्या एका मैदानावर मुलांना तिरंदाजी शिकवते. मुलांना सोडायला आलेल्या आई-बाबांपैकी कुणीतरी हटकून विचारतंच, "मॅडम, बंदूक आली नि धनुष्य संपलं, एवढंच ना?"

एवढंच नाही हो. चिलखत फोडण्यात बंदूक वरचढ होती, पण वेगात ती धनुष्याच्या पासंगालाही पुरत नव्हती. औरंगजेबाच्या काळात इथे आलेला फ्रेंच वैद्य बर्निये लिहितो की, बंदूकवाल्याचे दोन बार होईपर्यंत घोडेस्वार सहा बाण सोडतो. मग राजांनी बंदूक का धरली? माझ्या मते माणसांमुळे. शेतावरचा गडी काही आठवड्यांत बंदूक चालवायला शिकायचा. तिरंदाज मात्र लहानपणापासून घडवावा लागे.

'मेरी रोझ' हे इंग्रजांचं लढाऊ जहाज 1545 मध्ये बुडालं आणि 1982 मध्ये वर काढलं गेलं. त्यात शंभराहून जास्त अख्खी धनुष्यं मिळाली. ती खेचायला 100 ते 185 पौंडांचा जोर लागत असावा, असा अंदाज आहे. आमच्याकडे नवखं मूल 20 पौंडांच्या धनुष्यावर सुरुवात करतं, तरी रात्री खांद्याला बाम लागतोच! त्या जहाजावरच्या काही सांगाड्यांच्या खांद्यांत अभ्यासकांना कोवळ्या वयापासून पडलेल्या ताणाच्या खुणा दिसल्या. असा गडी लढाईत पडला की त्याची जागा भरायला पुढची पिढीच मोठी व्हावी लागायची. इंग्लंडने अखेर 1595 मध्ये फौजेच्या हजेरीतून धनुष्य वगळलं.

आपल्याकडे पाऊसही आडवा यायचा. मुघल स्वारांचं धनुष्य लाकूड, शिंग आणि जनावराचे स्नायू सरसाने चिकटवून बनायचं, आणि दमट हवेत सरस धरत नाही. जुलैत कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी आलेली पाहणाऱ्या मुंबईकराला हे वेगळं सांगायला नको. म्हणून इथल्या कारागिरांनी पोलादी धनुष्यंही घडवली. त्यांचा बाण तितक्या जोरात जात नसे, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षं पडून राहिली तरी ती उकलत नसत. त्याआधी, इ.स.पू. 326 मध्ये, सिकंदराशी लढताना पोरसाच्या तिरंदाजांना माणसाएवढी धनुष्यं जमिनीवर टेकवायची होती आणि पावसाने जमीन निसरडी झाली होती, असं जुने लेखक सांगतात. अर्थात तोड्याच्या बंदुकीचा तोडाही, म्हणजे दारू पेटवणारी जळती वातही, पावसात विझायचीच.

शिकारीला यातलं काहीच लागू नव्हतं. तिथे फौज उभी करायची नसते. पोरगा बापामागून रानात हिंडत शिकतो, बार होत नसल्याने बाकीची जनावरं बुजत नाहीत, आणि बाण सापडला तर पुन्हा वापरता येतो. त्यामुळे वारली आणि भिल्लांचा तिरकमठा साहेबांच्या रायफली आल्यावरही रानात फिरत राहिला. पुढे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीलाच लगाम घातला, तिरकमठ्याच्या आणि रायफलीच्याही.