गाळलेल्या जागा भरा

परवा मॅच चालू होती आणि टीव्ही म्यूटवर होता, कारण नेमका तेव्हाच ऑफिसचा फोन आला होता, म्हणजे कान फोनला आणि डोळे स्क्रीनला असा प्रकार, आणि स्लिपमध्ये कॅच सुटला. कॅमेरा सवयीने बोलरच्या तोंडावर गेला. त्याचे ओठ जेमतेम दोनदा हलले आणि मला शिवी अगदी स्पष्ट ऐकू आली. आता ऐकू कुठून येणार, आवाज बंद होता, कानात साहेब कुठल्यातरी एक्सेल शीटबद्दल बोलत होते, पण आली खरी, उच्चारासकट. मी फोनवर खुदकन हसले आणि मग बराच वेळ सारवासारव करत बसले.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय, की हे टीव्हीवाले जो बीप मारतात तो नक्की काय लपवायला आणि कुणापासून?

बीप म्हणजे साधारण 1000 हर्ट्झचा एकसुरी टूंऽऽ. इतका चिरका की झोपलेला माणूसही विचारतो, काय म्हणाला रे तो? बीप नसता तर अर्ध्या लोकांच्या ते लक्षातही आलं नसतं. शाळेत बाई चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ मारायच्या ना, तसं आहे हे. आणि पुन्हा गाळलेली जागा भरायची जबाबदारी आपल्यावर! खेळाडूने बिचाऱ्याने एकच काहीतरी साधंसं पुटपुटलेलं असतं, पण ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात आपापल्या ऐपतीप्रमाणे शब्द उमटतो, आणि काहींची ऐपत फार मोठी असते. म्हणजे टीव्हीवरून गेलं नुसतं टूंऽऽ, भ-ची बाराखडी आपण आपल्या मनाने गिरवली.

छापील मराठीत यासाठी फुल्या असतात. त्यातली गंमत अशी की फुल्यांनी झाकता झाकता 'फुल्या-फुल्या' हीच शिवी होऊन बसलीये, लोक तोंडाने म्हणतात, "तो फुल्या-फुल्या परत आला बघ". भाषेचा स्वतःचाही एक सेन्सॉर असतोच. 'त्याच्या आईला' मधला 'त्या' गिळून टाकला की उरतं च्यायला, आणि मग ते इतकं गुळगुळीत होतं की आयुष्यात एक शिवी न दिलेले माझे बाबा दिवसातून दहा वेळा च्यायला म्हणतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. मी एकदा फोड करून सांगितली तर माझ्यावरच रागावले.

शिवी ऐकू गेली की समालोचक जी माफी मागतात ती मला फार आवडते. लगेच आवाज खाली आणून, "आत्ता काही शब्द कानावर पडले असतील तर आम्ही दिलगीर आहोत" वगैरे. शिवी देणारा तिकडे मस्त पुढचा बॉल टाकायला निघालेला असतो आणि ज्याने काहीच केलं नाही तो माणूस आपल्याकडे क्षमा मागतोय. 2020 मध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये फुटबॉल सुरू झाला तेव्हा तर सगळंच उघडं पडलं. पन्नास हजार लोकांच्या गोंगाटाखाली जे इतकी वर्षं दडून होतं ते आता खणखणीत ऐकू यायला लागलं, आणि मग बऱ्याच ठिकाणी गर्दीचा रेकॉर्ड केलेला आवाज वरून सोडायला लागले. तो अर्थातच सुनंसुनं वाटू नये म्हणून होता, पण जाता जाता शिव्यांवरही पांघरूण पडलं. म्हणजे गर्दी हाच खरा बीप होता म्हणायचा.

बरं, शिवी कळायला ती भाषा यायला लागते, हा आणखी एक घोळ. 2010 च्या फुटबॉल वर्ल्डकपमध्ये इंग्लंड-अमेरिका मॅचला ब्राझीलचे रेफ्री होते, तर त्यांनी म्हणे मॅचच्या आधी इंग्रजी शिव्यांचा अभ्यास केला, म्हणजे मैदानात कुणी काय बोललं ते कळावं म्हणून. अभ्यास! कल्पना करा, मोठी मोठी माणसं हातात यादी घेऊन बसलीयेत आणि एकमेकांना उच्चार म्हणून दाखवतायत.

पण या सगळ्यात माझी सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे 2008 ची सिडनी टेस्ट. हरभजन आणि ऑस्ट्रेलियाच्या सायमंड्सचं ते प्रकरण सगळ्यांना आठवत असेलच, आरोप होता की हरभजनने 'मंकी' म्हटलं, म्हणजे वर्णद्वेषी बोलला, आणि त्याला तीन टेस्टची बंदी झाली. मग अपील झालं, न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यासमोर सुनावणी झाली, सचिनने साक्ष दिली, आणि बचाव काय होता? की तो तसं बोललाच नाही, तो 'तेरी माँ की' म्हणाला असणार आणि ऐकणाऱ्याने त्याचं मंकी केलं. बंदी उठली, वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही, शिवीगाळीबद्दल निम्मी मॅच फी दंड झाला. तेव्हा आम्ही सगळेच खूश झालो होतो, मीसुद्धा. पुढे कधीतरी सहज आठवलं तेव्हा लक्षात आलं की अरे, इथे शिवी हाच सुटकेचा पुरावा होता! 'नाही हो, मी त्याला तसलं काही म्हटलं नाही, मी फक्त त्याची आई काढली', आणि सगळे म्हणाले, हां मग ठीक आहे. ज्या आईचं नाव निघालं तिला अर्थातच कुणी विचारलं नाही. (शिव्यांमध्ये बायकांचीच गर्दी का असते हा वेगळाच विषय आहे, त्यावर बोलायला लागले तर मलाच बीप मारावे लागतील.)

गंमत बाजूला ठेवली तर ते हॅन्सन योग्य जागी बोट ठेवत होते असं मला वाटतं. शब्द किती घाण आहे हे एक, आणि तो कुणाचं काय हिरावून घ्यायला फेकलाय हे दुसरं. बीपवाल्या यंत्रणेला फक्त पहिलं कळतं.

याचं धडधडीत उदाहरण 2019 च्या सुरुवातीला सापडलं, तेही दोनदा. त्याच्या थोडं आधी, 2018 च्या अखेरीस, आयसीसीने स्टंप माइकचे, म्हणजे स्टंपमध्ये बसवलेल्या माइकचे नियम सैल केले होते, पूर्वी बॉल डेड झाला की तो आवाज ऐकवायचा नाही असा संकेत होता, तो गेला. जानेवारीत डर्बनला पाकिस्तानचा कॅप्टन सरफराज अहमद स्टंपमागून दक्षिण आफ्रिकेच्या अँडिले फेहलुक्वायोबद्दल उर्दूत काहीतरी बोलला. कॉमेंट्री बॉक्समध्ये सहकाऱ्याने रमीझ राजांना विचारलं की काय म्हणतोय तो, तर रमीझ म्हणाले, भाषांतर अवघड आहे, फार लांबलचक वाक्य आहे. काय पण उत्तर! म्हटलं तर ते वाक्य अगदी साधं होतं, त्यात फुल्या माराव्यात असा एकही शब्द नव्हता. 'काळ्या' अशी हाक होती आणि वर आईची चौकशी. सरफराजला चार मॅचची बंदी झाली. तीन आठवड्यांनी सेंट लुशियात वेस्ट इंडिजचा बोलर शॅनन गॅब्रिएल इंग्लंडच्या जो रूटला काहीतरी म्हणाला, ते माइकमध्ये आलंच नाही, आलं ते रूटचं उत्तर, की समलिंगी असण्यात चूक काही नाही, ती शिवी म्हणून वापरू नकोस. गॅब्रिएलने नंतर स्वतःच सांगितलं की आपण काय विचारलं होतं, त्यातही शब्द सगळे धुतल्या तांदळासारखे. त्यालाही चार वनडेची बंदी.

म्हणजे बघा, बीप मारायला बसलेल्या माणसाचं बोट या दोन्ही वेळा बटणावरून हललंही नसतं.

उलट बाजूला फॉर्म्युला वन, म्हणजे गाड्यांच्या शर्यती. 2024 मध्ये सिंगापूरला पत्रकार परिषदेत ड्रायव्हर मॅक्स व्हर्स्टापेन गाडीबद्दल बोलताना, आपल्याकडे 'वाट लागली होती' म्हणतात तेवढ्याच अर्थाने, एक इंग्रजी शब्द बोलून गेला. झालं! एफआयएने, म्हणजे या शर्यतींच्या जागतिक संघटनेने, त्याला समाजोपयोगी काम करायची शिक्षा दिली आणि ते त्याने डिसेंबरमध्ये रवांडाला जाऊन केलं. आता यात दुखावलं कोण? गाडी. गाडीच्या भावना दुखावल्या. 2025 च्या जानेवारीत तर दंडाचं अख्खं कोष्टकच आलं, पहिल्यांदा बोललात तर इतके हजार युरो, परत बोललात तर इतके, आणि रॅलीतल्या ड्रायव्हर्सनी त्यावर मस्त तोड काढली की आम्ही एकतर बोलणारच नाही किंवा आपापल्या मातृभाषेत बोलू. मातृभाषेत! म्हणजे परत त्या ब्राझीलच्या रेफ्रींना अभ्यासाला बसवा. शेवटी मे महिन्यात मूळ दंड अर्धा झाला आणि हेल्मेटच्या आत तापलेल्या डोक्याने बोललेलं वेगळं, पत्रकारांसमोर खुर्चीत बसून बोललेलं वेगळं, असा भेद केला गेला. तेवढी अक्कल आधी आली असती तर, पण असो.

वेदनेने तोंडातून शिवी निघते याला तर विज्ञानाचाही पाठिंबा आहे. 2009 मध्ये इंग्लंडच्या कील विद्यापीठातल्या लोकांनी माणसांना बर्फासारख्या थंड पाण्यात हात घालून बसवलं, शिवी देत राहणारे जास्त वेळ हात ठेवू शकले. हाताला चेंडू लागल्यावर बॅट्समन जे पुटपुटतो ते मी तेव्हापासून औषध समजते.

आणि कधी कधी शिवीच फक्त पुरते. 2013 मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या बॉम्बस्फोटानंतर पाच दिवसांनी बेसबॉलचा डेव्हिड ऑर्टिझ भरलेल्या मैदानात माइक हातात घेऊन म्हणाला की हे आमचं शहर आहे, आणि 'आमचं'च्या पुढे तो शब्द. लाइव्ह. अमेरिकेत टीव्ही-रेडिओवरच्या भाषेवर डोळा ठेवणारी जी सरकारी संस्था, तिच्याच अध्यक्षांनी जाहीरपणे लिहिलं की तो मनापासून बोलला. त्या वाक्यातून तो शब्द काढून बघा, नुसती नगरपालिकेची पाटी उरते.

याचा अर्थ सगळं मोकळं सोडा असं माझं म्हणणं नाही हं. 2011 मध्ये फुटबॉलच्या वेन रूनीने हॅटट्रिक झाल्यावर थेट कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये तोंड घालून शिव्या हासडल्या होत्या, दोन मॅचची बंदी झाली, तेव्हा फार कडक शिक्षा म्हणून ओरड झाली होती. मला नाही वाटत. लेन्सच्या पलीकडे मी बसलेली असते, कुणाचं तरी पोर बसलेलं असतं, आम्ही त्याचं काय घोडं मारलं होतं? याउलट 2024 ला विशाखापट्टणमच्या टेस्टमध्ये रोहित शर्मा आपल्याच पोरांवर ओरडला की कुणी गार्डनमध्ये फिरल्यासारखं फिरलं तर बघा, आणि शेपटाला जे काय होतं ते होतं, पण ते ऐकून कुणाला वाईट वाटल्याचं मी ऐकलं नाही, उलट ते वाक्य त्याने स्वतःच नंतर इन्स्टाग्रामवर मिरवलं. ओरडणारा कोण आणि कुणावर, हे कळल्याशिवाय नुसत्या शब्दाचा काटा करून काय उपयोग.

बाबांना हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे ते फोनवर जुन्या मॅचच्या, मुलाखतींच्या क्लिप्स सबटायटल्स लावून बघतात. युट्यूबच्या त्या आपोआप येणाऱ्या सबटायटल्समध्ये शिवी आली की चौकटी कंस आणि आत नुसती रेघ येते. काल ते फोन घेऊन आले, चष्मा कपाळावर, आणि विचारलं, "इथे काहीतरी गाळलंय गं, काय असेल?"

मी वाचलं. मला लगेच कळलं. पण एवढी सगळी बडबड करणारी मी बापासमोर तो शब्द काही उच्चारू शकले नाही. म्हटलं, "असेल काहीतरी."

"अक्षरं किती आहेत?" शब्दकोडी सोडवायची सवय आहे त्यांना.

"इंग्रजी आहे, चार."

बाबांनी परत स्क्रीनकडे बघितलं, क्लिप थोडी मागे नेली, त्या खेळाडूच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं, आणि मग त्यांचे ओठ हळूच हलले. आवाज काहीच आला नाही, पण मला स्पष्ट ऐकू आलं.