यवनाचा खांब

गेल्या जानेवारीत माझी मैत्रीण थेसालोनिकीहून आली तेव्हा तिच्याजवळ एक सॅक, घडी घालून विटलेला रेल्वेचा नकाशा आणि लेण्यांची एक यादी एवढेच होते. परदेशात शिकत असताना आम्ही दोन वर्षे एकाच खोलीत राहिलो होतो, आणि त्या काळात मी तिला सह्याद्रीतल्या लेण्यांविषयी इतके सांगितले होते की यादीतली निम्मी नावे माझ्याच तोंडची होती. मी १७ दिवसांची रजा टाकली. मुंबई, कार्ले, नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि तेथून वेरूळ-अजिंठा असा मार्ग ठरला. गाडी भाड्याने घ्यायची नाही, लोकल, पॅसेंजर आणि एसटी यांनीच जायचे, हा आग्रह तिचा होता आणि तो आम्ही शेवटपर्यंत पाळला.

घारापुरीपासून सुरुवात केली. गेटवेवरून लाँच तासाभरात बेटावर पोहोचते, आणि तिकिटाच्या खिडकीशी माझी मैत्रीण पहिल्यांदा ‘फॉरेनर’ झाली: माझे तिकीट ४० रुपयांचे, तिचे ६०० रुपयांचे. तिने निमूटपणे पैसे काढून दिले, ओशाळले मीच. या फरकामागचा विचार मला पटतो, कारण ही स्मारके आपल्या करांच्या पैशांतून जपली जातात आणि खेड्यातून आलेल्या शाळेच्या सहलीला ती परवडलीच पाहिजेत. मनाला लागला तो दर नव्हे, तर त्या क्षणापासून पुढचे दोन आठवडे आमच्या मागेमागे फिरलेला तो शब्द. लाँचवर, फलाटावर, खानावळीत, रांगेत, कोणी ना कोणी तो उच्चारत होते. बहुतेक वेळा प्रेमाने, कधी कुतूहलाने, क्वचित अडवण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी बोरिवलीच्या उद्यानातली कान्हेरी पाहिली. तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि सगळी एका दिवसात होत नाहीत. मी तिला मुद्दाम ९० क्रमांकाच्या लेण्यात नेले. त्या भिंतीवर पहलवी, म्हणजे प्राचीन इराणच्या, लिपीतले लेख आहेत. इसवी सन १००९ मध्ये आणि पुन्हा १०२१ मध्ये काही पारशी मंडळी ही लेणी पाहायला आली आणि आपली नावे व तारीख नोंदवून गेली. लेणी पाहायला येणारा परमुलखातला पाहुणा आज-कालचा नाही, हे तिला तेथेच कळले आणि माझ्याही मनात ते पहिल्यांदा नीट रुजले. पण त्याचा खरा अर्थ उमगला तो कार्ल्याला.

लोणावळ्याहून पुण्याच्या लोकलने मळवलीला उतरलो. स्टेशनाबाहेर चहा घेतला तेव्हा तिच्याजवळ ५०० च्या नोटेशिवाय काही नव्हते आणि तिच्या फोनवरून पैसे पाठवण्याची सोय नव्हती. मी पर्स उघडेपर्यंत चहावाले काका म्हणाले, “राहू द्या, उतरताना द्या.” लेण्यांखालच्या गावाचे नाव वेहेरगाव. वेहेर म्हणजे विहार. भिक्षू जाऊन कित्येक शतके झाली, तरी गावाने त्यांचा पत्ता नावात सांभाळून ठेवला आहे. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना नारळ, पेढे, हळदकुंकू आणि ओटीचे सामान विकणारी दुकाने आहेत, कारण चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्धांच्या कोरीव प्रार्थनागृहाच्या, अगदी तोंडाशी एकवीरा आईचे देऊळ आहे आणि कोळी-आगरी समाज तिच्या दर्शनाला लोटतो. दर्शनाच्या रांगेला वळसा घालून आम्ही पुढे निघालो होतो, तेवढ्यात एका कोळी आजीने माझ्या मैत्रिणीचा हात धरला. “कुठून आयलीस गो बाय?” मी ग्रीस म्हटले. ते नाव आजींच्या ओळखीचे नसावे, पण ते लांब आहे एवढे त्यांना कळले, आणि “एवढ्या लांबून आईला भेटायला आली,” असे म्हणून त्यांनी तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावले व ओंजळीत खोबऱ्याचा तुकडा ठेवला. कुंकू लावलेल्या कपाळानेच ती चैत्यात शिरली.

कार्ल्याचे चैत्यगृह हे आपल्याकडच्या कोरीव चैत्यांत सर्वांत मोठे आहे, हे पुस्तकात वाचून कळते. आत गेल्यावर मात्र आधी आवाज बदलतो. देवळातल्या घंटा मागे राहतात आणि आपलीच पावले ऐकू येऊ लागतात. गजपृष्ठाकार छताला लाकडी फासळ्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा मूळच्याच, म्हणजे सुमारे २००० वर्षांच्या आहेत. खांबांच्या शिरावर हत्तींवर बसलेली जोडपी आहेत. तिला ती जोडपी फार आवडली. पण मी तिला खाली, खांबांच्या अंगाकडे पाहायला सांगितले, कारण कोरलेली अक्षरे तेथे आहेत. लेखांची वाचने मी घरून वहीत उतरवून नेली होती. तेथे उभे राहून वाचता येईल असा अर्थ सांगणारा फलक आम्हाला दिसला नाही, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण दर रविवारी हजारो माणसे त्या अक्षरांच्या वीतभर अंतरावरून जातात.

हवी ती ओळ सापडायला वेळ लागला. “धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं.” मी हात न लावता, बोट हवेत धरून तिला एकेक अक्षर दाखवले. नांगरासारखा दिसतो तो य. खाली वाटोळा आणि वर दांडी तो व. आडव्या रेघेवर सरळ उभी काठी तो न. ओळ प्राकृतातली आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या पणजीची भाषा आहे, आणि तिच्याकडे पाहताना आपलेच कोणी बोलत असल्यासारखे वाटते: दानं म्हणजे दान, आणि थंभो म्हणजे खांब, ज्या मुळापासून आपले ‘थांबणे’ आले. धेनुकाकटच्या सिंहध्वज यवनाचे खांब हे दान.

‘यवन’ या शब्दाशी मी अडखळले. मराठीत तो शब्द पुढे बखरींतून आणि नंतरच्या लिखाणातून मुसलमानांसाठी वापरला गेला, लढायांच्या वर्णनांत रुळला आणि कडवट झाला. शाळेत मी तो फक्त त्याच अर्थाने शिकले होते. पण त्याचे मूळ माझ्यासमोर कपाळाला कुंकू लावून उभे होते. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या आयोनियन ग्रीकांना इराणी लोक ‘यौन’ म्हणत, आणि त्याच नावाचे आपल्याकडे यवन, योन, योणक झाले. मी हे सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “म्हणजे हा खांब आमच्यातल्या कोणी दिला?”

या प्रश्नाला सरळ ‘हो’ म्हणणे सोपे होते आणि त्याने तिला आनंदही झाला असता, परंतु ते खरे ठरले नसते. हे दाते जन्माने ग्रीक होते, की पश्चिमेकडून येऊन पिढ्यान् पिढ्या येथेच राहिलेल्या कुळांतले होते, की यवन म्हणवून घेणारे आणखी कोणी होते, यावर विद्वानांचे एकमत नाही. धेनुकाकट नेमके कोठे होते, यावरही नाही. दात्याचे नाव मात्र संपूर्ण इथले आहे. आणि याच चैत्यात त्याच धेनुकाकटच्या एका गंधिकाचे, म्हणजे अत्तर विकणाऱ्याचे, आणि एका सुताराचेही नाव आहे. मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. गंधिक, सुतार आणि यवन अशा एकाच गावच्या माणसांच्या नोंदी एकाच घाटणीच्या आहेत: गाव, ओळख, नाव, दान. यवनाच्या ओळीत अधिकउणे काही नाही. त्याने इथले नाव घेतले, इथला धर्म धरला, इथल्या भाषेत आपले दान नोंदवले, आणि तरी ‘यवन’ हा शब्द गाळला नाही. तो गाळावा असे त्याला कोणी सांगितल्याचेही दिसत नाही.

नाशिकला आम्ही रात्री नऊच्या सुमारास पोहोचलो. फोनवर खोली ठरवली होती, पण तिचा पासपोर्ट पाहताच लॉजच्या काउंटरवरच्या गृहस्थांनी वही मिटली. परदेशी पाहुणा उतरला की त्याची माहिती एका फॉर्मवर २४ तासांच्या आत सरकारला कळवावी लागते, आणि ती कटकट नको म्हणून लहान लॉजवाले पुष्कळदा नकारच देतात. त्यांची अडचण मी समजू शकते. फॉर्म ऑनलाइन भरता येतो, मी बसून भरून देते, असेही मी म्हटले. पण नकार तो नकार. आणखी दोन ठिकाणी तेच झाले. साडेअकराला जागा मिळाली तोपर्यंत ती सॅकवर डोके टेकून फुटपाथवर बसली होती, आणि माझ्या राज्यात, माझ्या भाषेत बोलून मला तिच्यासाठी एक खोली सहज मिळवता आली नाही याची लाज मला अजून वाटते.

सकाळी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढताना दोघींनाही बोलावेसे वाटत नव्हते. तेथल्या १७ क्रमांकाच्या लेण्याचा लेख मी आधीपासून वाचलेला होता, पण त्या सकाळी तो वेगळाच लागला. उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त हा योणक त्यात सांगतो की त्याने हे लेणे, चैत्यगृह आणि पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, आईवडिलांना उद्देशून करवली; सोबत त्याचा मुलगा धम्मरक्षित आहे. दूर देशच्या या माणसाने नाशिकात भिक्षूंसाठी निवारा कोरवला होता. मी अर्थ सांगून संपवला तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “काल रात्री हा भेटायला हवा होता.”

वेरूळवर मी येथे थोडकेच लिहिते, कारण कैलास लेण्यासमोर आम्ही दोघी सारख्याच परक्या आणि सारख्याच लहान होतो. कळसापासून पायापर्यंत, वरून खाली खोदत आणलेले ते देऊळ पाहताना कोण कोठून आले हा प्रश्नच उरत नाही.

अजिंठ्याला मात्र तो प्रश्न पुन्हा भेटला, आणि दोन तऱ्हांनी. पहिल्या लेण्याच्या छतावर एक चित्र आहे: टोकदार टोपी, दाढी, पायांत पट्ट्यापट्ट्यांचे मोजे घातलेला एक परदेशी पुरुष हातात पेला धरून बसला आहे आणि भोवती सेवक आहेत. एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांनी त्याचा संबंध इराणचा बादशहा दुसरा खुस्रो आणि चालुक्य राजा दुसरा पुलकेशी यांच्याशी जोडला होता. पण ही चित्रे वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली मानली, तर खुस्रो त्यांच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी येतो. तो बादशहा नसेलच. बाजारात, बंदरात चित्रकाराने रोज पाहिलेला कोणी व्यापारी असेल. ते मोजे इतक्या बारकाईने रंगवले आहेत की चित्रकाराने ते जवळून पाहिले असणार, असे मला वाटते.

दुसरा परदेशी दहाव्या लेण्यात आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने खांबावरच्या चित्रावर आपले नाव आणि तारीख खरवडली. ते नाव आज माणसाच्या उंचीपेक्षा वर दिसते, कारण तेव्हा लेणे मातीने आणि दगडांनी भरलेले होते आणि तो त्या ढिगावर उभा होता. कार्ल्याच्या यवनाचे नाव खांब दिला म्हणून खांबावर आहे. याचे नाव खांबावरचे चित्र बिघडवून आले आहे. आपल्या किल्ल्यांच्या भिंतींवर खिळ्याने कोरलेली आपल्याच लोकांची नावे मला त्या वेळी आठवली, म्हणून मैत्रिणीसमोर इंग्रजांना नावे ठेवण्याचा मोह मी आवरला.

फर्दापूरहून आम्ही जळगावची एसटी धरली. तेथून तिला रेल्वेने एकटीने उत्तरेकडे जायचे होते. गाडी भरलेली होती. कंडक्टरदादा आमच्यापाशी आले, तिच्या सॅककडे पाहून त्यांनी विचारले, “पाहुण्या कुठल्या?” मी ग्रीस म्हटले. “म्हणजे सिकंदराचा मुलूख,” असे म्हणून त्यांनी मान डोलावली आणि मशीनवर बोट ठेवले. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे. त्यांनी पासपोर्ट मागितला नाही, आधारही मागितले नाही.

“जळगाव, दोन हाफ,” ते म्हणाले, आणि दोन सारखी तिकिटे माझ्या हातात ठेवून मागच्या सीटकडे वळले.