तुम्ही विचारलंत म्हणून: घर-मुलं सांभाळून लिहायचं कधी?

"नोकरी, घर, मुलांच्या शाळा हे सगळं सांभाळून कथा लिहायला वेळ कुठून काढायचा?" हा प्रश्न सारखा येतो. विचारणाऱ्या बहुतेक आया असतात, हल्ली बाबाही विचारू लागलेत. वेळेचा हिशेब पुढे देतेच, पण आधी एक गोष्ट मनापासून सांगते. कथा रचणं आणि ती कागदावर उतरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एकाच बैठकीत करायला गेलं की अर्ध्या तासातली वीस मिनिटं पुढचं वाक्य शोधण्यात जातात, आणि आपण वेळेला दोष देतो. जात्यावरच्या ओव्या बायकांनी हात गुंतलेले असतानाच रचल्या. तीच रीत कथेलाही लागू पडते.

भांडी घासताना, कणीक मळताना, कपडे वाळत घालताना रचायचं. त्यासाठी आदल्या रात्री स्वतःला एक नेमका प्रश्न देऊन ठेवायचा. "आज कथेचा विचार करू" एवढंच मनात धरून पोळ्यांना उभं राहिलं तर डोक्यात उद्याच्या डब्याची भाजीच येते. प्रश्न बारीक हवा. चिठ्ठीवर लिहा, "मामा दारात. चपला काढत नाही. का?" आणि ती ओट्यामागच्या टाइलवर चिकटवा. पोळ्या होईस्तोवर उत्तर सापडतं: त्याला थांबायचंच नाही, रिक्षा खाली उभी करून आलाय. मग वही उघडल्यावर हात लगेच चालतो: "मामा उंबऱ्यातच थांबला. खाली रिक्षाचा हॉर्न वाजला, तसं त्यानं आईकडे न बघता पाकीट पुढे केलं." यातलं पाकीट चिठ्ठीत नव्हतं, ते लिहिता लिहिता आलं. असं काही येण्यासाठी बसायचं असतं, बाकीचं आधीच ठरलेलं बरं.

उतरवायला वीस मिनिटं पुरतात. मात्र ती सलग हवीत आणि एकट्याची हवीत. तेवढ्यात वहीचं एक पान, म्हणजे दीडशे ते दोनशे शब्द होतात. दिवाळी अंकातली मध्यम कथा तीन हजार शब्दांची धरली तर पंधरा ते वीस बैठका. आठवड्यातून चार वेळा बसलात तर चार-पाच आठवड्यांत पहिला खर्डा हातात येतो. रोज बसायचा नेम करू नका, कारण घरात कुणाला ताप आला की तो मोडतो आणि मोडलेला नेम मनाला लागतो. आठवड्यातून चारदा बसायचा नेम आजारपणातही बहुतेक टिकतो.

ही वीस मिनिटं पहाटे की रात्री? सात वाजता शाळेची बस असेल आणि डबा पावणेसातला भरायचा असेल, तर सकाळच्या कामातली अर्धी रात्रीच उरकल्याशिवाय पहाट मोकळी होत नाही. भाजी निवडून चिरून ठेवा, कणीक मळून तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. उघडी राहिली तर ती काळी पडते आणि वरून सुकते. पहाटे नळाला पाणी येण्याची वेळ असेल तर त्या वेळात लिहायला बसू नका, अर्धा कान बादलीकडे राहतो. मूल अजून रात्री उठत असेल तर पहाटेचा हट्ट मुळीच नको. त्या वर्ष-दोन वर्षांत फक्त टिपणं ठेवावीत, झोप मोडून लिहिलेलं पान पुढे बहुधा फाडावंच लागतं.

बैठक संपवताना दृश्य पूर्ण करू नका. पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच थांबा आणि खाली तीन-चार शब्द टाका: "उद्या – आई पाकीट उघडत नाही." पुढच्या वेळी सुरुवात शोधत बसावं लागत नाही. खंड पडला असेल तरी कथा पहिल्यापासून वाचू नका, फक्त शेवटचं पान वाचा. पहिल्यापासून वाचलं की पहिलं पान दुरुस्त करायचा मोह होतोच. अर्धवट राहिलेल्या कितीतरी कथांची पहिली पानं वीस वेळा घासलेली असतात आणि सातवं पान लिहिलेलंच नसतं.

मुलांच्या शेजारी बसून खर्डा होत नाही. गृहपाठाच्या टेबलावर दर तीन मिनिटांनी प्रश्न येतो, आणि यायलाच हवा. ती जागा टायपिंग आणि शुद्धलेखन तपासण्यासाठी छान. फोनवर मराठीत बोलून मजकूर उतरवणंही सोयीचं आहे, पण त्यात विरामचिन्हं बऱ्याचदा येत नाहीत, माणसांची नावं भलतीच पडतात, 'ळ'चा 'ल' होतो. त्याच दिवशी निस्तरलं नाही तर चार दिवसांनी आपलंच वाक्य आपल्याला कळत नाही. शिवाय शेजारी कुकर असेल तर बोलूच नका.

जोडीदाराकडे "मला जरा वेळ दे" असं मागितलं की घरच्यांना ते नीट कळत नाही. काम नाव घेऊन द्यावं लागतं: बुधवारी सात ते आठ मुलांचं जेवण तुझ्याकडे, ताट वाढण्यापासून ओटा पुसेपर्यंत. अर्धं काम दिलं तर "तूप कुठंय?" असे प्रश्न दारावर येत राहतात. पहिले दोन-तीन बुधवार ओटा आपल्या मनासारखा पुसलेला नसेल. तसाच राहू द्या.

आता वर्षाचा हिशेब. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये आपल्या 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाला वर्षाची एक मुदत आयती मिळाली आहे. अनेक अंक कथा जुलै-ऑगस्टपर्यंत मागतात. आवाहन वाचून जूनमध्ये सुरुवात केली की शाळा उघडण्याची गडबड आडवी येते: वह्यांना कव्हरं, गणवेश, रेनकोट. म्हणून खर्डा जानेवारी-फेब्रुवारीत घालावा. मार्च-एप्रिलच्या परीक्षा आणि मे महिन्याच्या सुट्टीत तो कपाटात पडून राहू दे. सुट्टीत मुलं दिवसभर घरात असतात, तेव्हा नवीन काही ठरवूच नये. जूनच्या शेवटी बाहेर काढला की कुठलं दृश्य लांबलंय हे परक्याच्या डोळ्यांनी दिसतं. मुलं लहान असतील तर कथाही त्या बेतानंच निवडा: एक घर, एक दुपार, तीन माणसं. चारशे-पाचशे शब्दांत संपणारी दृश्यं दोन-तीन बैठकांत बसतात. तीन पिढ्यांची कादंबरी नंतर लिहिता येईल.

पाठवण्याआधी कथा एकदा मोठ्यानं वाचा. तीन हजार शब्दांना पंचवीस मिनिटं लागतात, मुलं शाळेत असताना तेवढी काढता येतात. जिथं जीभ अडखळेल तिथं पेन्सिलीनं फक्त खूण करा आणि पुढे वाचत राहा. खुणा दुसऱ्या दिवशी, गृहपाठाच्या टेबलावर निस्तरता येतात.