हा वाजवतो की बडवतो?

घरात अमेरिकन जॅझ पियानोवादक सेसिल टेलर लावला की कुणीतरी विचारतंच, "याला पियानो येतो तरी का?" आमच्या आत्याने तर एकदा, पियानो पुसतायत का, असं विचारलं होतं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

येतो, आणि रीतसर शिकून येतो. १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये जन्म, आईने लहानपणीच पियानोला बसवलं, पुढे बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिक्षण. बार्टोक आणि स्ट्राव्हिन्स्की हे विसाव्या शतकातले पाश्चात्त्य संगीतकार पचवलेले, ड्यूक एलिंग्टन आणि थेलोनियस मंक हे जॅझ पियानोवादक मनात मुरलेले.

बडवतो म्हणता, तेही अगदी खोटं नाही. पियानोच्या पोटात तारांवर हातोड्याच पडतात; टेलरने ते झाकायचा प्रयत्न केला नाही, एवढंच. बोटं, तळवा, कोपर, जे लागेल ते तो वापरायचा. सुरात लावलेले ८८ ड्रम असं त्याच्या पियानोचं वर्णन करतात. मला ते ऐकताना तबलातरंग आठवतो, फक्त वाजवणाऱ्याच्या अंगात आल्यासारखा.

पण अंगात येणं आणि बेशिस्त यांत फरक आहे. ठरलेला ठेका नाही, सुरावटींचं ठरलेलं आवर्तन नाही, म्हणून आपला कान आधी गांगरतो. दहा मिनिटं दम धरा. तीन-चार सुरांचा एक तुकडा येतो, परत येतो, खालच्या सप्तकात जातो, उलटा होतो, दुप्पट लयीत धावतो. सगळी इमारत त्या तुकड्यांची. साथीदारांनाही तो छापील नोटेशन देत नसे. तुकडे वाजवून दाखवायचा, त्यांनी कानाने उचलायचे. आपल्या तालमीपेक्षा हे फार वेगळं नाही, नाही का? अल्टो सॅक्सोफोनवाला जिमी लायन्स असा पंचवीसेक वर्षं त्याच्याबरोबर राहिला, १९८६मध्ये वारला तोवर.

लोकांनी मात्र सुखाने ऐकलं नाही. १९६६मध्ये ब्लू नोट या जॅझच्या नावाजलेल्या रेकॉर्ड कंपनीने त्याच्या दोन रेकॉर्ड केल्या, तरी कामं मिळेनात. पोटासाठी भांडी घासली. कार्यक्रम नसत, तेव्हा खोलीतच श्रोते समोर बसलेत असं मानून पूर्ण मैफल वाजवायचा. मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त हेच आवडतं. बक्षिसं पुढे मिळाली, मॅकआर्थर १९९१मध्ये, क्योटो २०१३मध्ये. त्याआधी, १९७८मध्ये व्हाइट हाउसच्या हिरवळीवर वाजवलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष कार्टर उठून धावत त्याच्याकडे गेले होते. २०१८मध्ये तो गेला.

ऐकायचंच असेल तर १९६६पासून सुरू करू नका, पळून जाल. १९५६ची पहिली रेकॉर्ड घ्या, 'जॅझ अ‍ॅडव्हान्स'. पहिलंच गाणं मंकचं आहे, चाल ओळखू येते, आणि ती त्याच्या हातात कुठे कुठे उसवत जाते तेही ऐकू येतं. आत्या तेवढं पूर्ण ऐकून गेली. मग चहा मागितला.