आटपाट इमारत होती

दुपारी लिफ्ट बंद होती. मेकॅनिक दार उघडून आत डोकं घालून बसला होता, म्हणून मीही वाकून पाहिलं. अंधारात भिंतीलगत, लोखंडी चौकटीत एकावर एक रचलेली वजनं लटकत होती. "काउंटरवेट," तो म्हणाला. "ही वर गेली की ते खाली."

म्हणजे हिला जुळा भाऊ आहे तर! इतकी वर्षं कुणी बोललं नाही.

तो रिकाम्या लिफ्टपेक्षा जड असतो. तिच्या पूर्ण भारातला साधारण ४० ते ५० टक्के भाग त्याने आधीच अंगावर घेतलेला असतो, त्यामुळे मोटरला नुसता फरक ओढावा लागतो. रिकाम्या लिफ्टचा ब्रेक सुटला, तर ती कोसळत नाही, वर निघते. एवढं कळल्यावर माणूस पुराण रचणार नाही तर काय करणार?

तर आटपाट इमारत होती. तिथे दोन भावंडं होती. त्यांना शाप होता (ऋषी अजून ठरायचाय): एक चढेल तेव्हा दुसरा उतरेल. खूप रडली, तेव्हा उःशाप मिळाला: वाटेत, बरोब्बर मध्यावर, क्षणभर भेटाल. पुढे १८५४ साली एलिशा ओटिस, दोर तुटला तरी लिफ्ट अडवणारा ब्रेक बनवणारा, न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उंच फळीवर उभा राहिला, दोर तोडायला लावला, आणि फळी तिथल्या तिथे अडकली. माझ्या कथेत त्याने बहिणीला अभय दिलं, असं आहे.

लहानपणी रात्री उशिरा बटण दाबलं की वाटायचं, झोपलेल्या कुणाला तरी उठवलं. बाबा म्हणायचे, "मशीन आहे ते." आणि स्वतः मात्र जाळीचं दार अगदी हळू ओढायचे.

अडचण एकच. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्या फेरीत लिफ्ट मध्यापर्यंत पोचतच नाही, म्हणजे भेट घडवण्याचं पुण्य सगळं वरच्या मजल्यांना. हल्ली कधीकधी उगाच शेवटच्या मजल्यापर्यंत जाऊन येतो. शेजारी विचारतात, मी गच्चीचं कारण सांगतो.

कथेला राक्षस अजून मिळालेला नाही. ओव्हरलोडचा भोंगा वाजला तरी छताकडे बघत उभा राहणारा एक गृहस्थ सध्या डोळ्यांसमोर आहे.