उरुस की कायेन?

आज दुपारभर भाच्याशी गाड्यांवरून वाद. लॅम्बोर्गिनी उरुस आधी सुटते की पोर्शे कायेन टर्बो जीटी? त्याचं एकच पालुपद, "मामा, लॅम्बो ती लॅम्बो!"

कंपन्यांचेच आकडे काढले. मूळ उरुसला ताशी ० ते १०० किमीसाठी ३.६ सेकंद लागतात, २०२१ च्या कायेन टर्बो जीटीला ३.३. उरुस ६५० पीएसची (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप), कायेन ६४० ची. टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, दोघींचाही ८५० न्यूटन-मीटर. म्हणजे ताकदीने कमी असलेली पुढे! त्यात दोघी फोक्सवॅगनच्याच घरातल्या, ४ लिटरचं ट्विन-टर्बो व्ही-८ इंजिनही एकाच कुळातलं. चुलत बहिणीच म्हणा.

जवळपास सव्वादोन टनांचं धूड जागेवरून हलवताना नुसती पीएस बघून चालत नाही. टायरची पकड, गिअर किती झटकन पडतो, चारही चाकांना ताकद कशी वाटली जाते, खेळ तिथे असतो. २०० पर्यंत तर फरक वाढतोच: १२.८ विरुद्ध १२.२.

मग पठ्ठ्याने २०२२ ची उरुस परफॉर्मांटे काढली. ६६६ पीएस, वजन ४७ किलोने कमी, वेळ ३.३. बरोबरी! (घरात आहे स्विफ्ट, तीही वडिलांची.)

माझं मत अजून कायेनलाच. तुमचं?