अडीच फुटांची चाकोरी

कारंजाच्या स्टेशनात शिरायला आता तिकीट लागत नाही. शेळ्यांना तेव्हाही लागत नव्हतं. रुळांमध्ये गवत माजलंय, पण दोन रुळांतलं अंतर अजून मोजता येतं : अडीच फूट. आमच्या बैलगाडीची चाकोरी याहून रुंद असते! म्हणजे कापूस घेऊन ज्या गाड्या इथं यायच्या, त्यांच्यापुढे आगगाडीच अंग चोरून उभी राहत असणार.

लोक तिला शकुंतला म्हणायचे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर. अचलपूरचा फाटा वेगळा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे रूळ पडले ते वऱ्हाडच्या कापसासाठी, माणसांची सोय नंतरची. मूर्तिजापूरला कापूस मोठ्या लाइनीवर चढायचा, मुंबईला जायचा, तिथून बोटीनं मँचेस्टरला. उलट दिशेनं मँचेस्टरहून आलं ते १९२१ सालचं वाफेचं इंजिन. १९२३ ला ते रुळांवर चढलं आणि १९९४ ला उतरलं. तिकडून आलेली धोतरं काही एवढी टिकली नाहीत.

मालकीचा मामला तर आणखी न्यारा. देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, पण हे रूळ किलिक-निक्सन या ब्रिटिश पेढीच्या कंपनीचेच राहिले. रूळ त्यांचे, गाडी चालवायची सरकारी रेल्वेनं. माझ्या वडिलांना यात नवल वाटायचं नाही. "मक्त्याचं वावर आहे ते," म्हणायचे, "मक्त्याच्या वावरात शेणखत कोण टाकते?" रुळांच्या दुखण्याचं इतकं नेमकं निदान मी नंतर कुठं वाचलं नाही.

पुढे पुढे लहान स्टेशनांवर माणूसच उरला नाही. गाडी थांबली की गार्ड स्वतः खाली उतरायचा, तिकिटं फाडायचा, पुन्हा डब्यात चढून झेंडी दाखवायचा. आजी तरी तिकीट काढण्याआधी त्याच्या घरची खुशाली विचारायची. मागचे लोक खोळंबायचे. मी हात ओढला की म्हणायची, "थांब ना बाप्पा, तिले कुठं घाई आहे?"

आता वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजचं काम चालू आहे. हवंच आहे ते. शकुंतलेच्या चालीनं आजारी माणसाला दवाखान्यात नेऊन बघा म्हणजे कळेल.

परवा त्या रुळांवरून एका ढांगेत पलीकडे गेलो, तर चपलेत सराटे रुतले. मग फलाटाच्या कडेला बसून एकेक उपटत राहिलो. घाई नव्हतीच.